अकरा पिशव्या

आमच्या सोसायटीच्या आवारात पाण्याच्या टाकीला लागून एक वाफा आहे. जास्वंदीची दोन झाडं, एक तगर, कुणीतरी हौसेने लावलेला आणि मग विसरून गेलेला कढीपत्ता. सगळं दणकून वाढलंय. डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या बाजूला आमची बिल्डिंग. मागच्या गेटने, त्या वाफ्यावरून गेलं तर रिक्षा स्टँड दोन मिनिटांवर आहे. मी पुढच्या गेटने जाते. शेजारणीने एकदा विचारलं, "अगं, एवढा वळसा कशाला घालतेस? डॉक्टरने चालायला सांगितलंय का?" मी हो म्हणून मोकळी झाले.

खरं कारण असं की त्या वाफ्यातली माती मी एका दुपारी उकरून घेतली आणि खडवलीकडच्या एका बाईच्या शेताची माती म्हणून तपासणीला पाठवली. ऐकून कुणाला हसू येईल. मलाही पहिली दोन वर्षं यायचं. आता येत नाही.

सांगायचंच तर नीट सांगते. माझे वडील साताऱ्याकडचे. गावी कोरडवाहू जमीन, ती भावकीत वाटून इतकी उरली की तिच्यावर एकाचंही पोट भरेना, म्हणून ते डोंबिवलीच्या कारखान्यात आले. मी शेतीची पदवी घ्यायचं ठरवलं तेव्हा ते जेवता जेवता थांबले होते. म्हणाले, जिच्यापासून पळून आलो ती तू कॉलेजात फी भरून शिकणार. मी तेव्हाही हट्टीच होते, आणि तोंडाने फटकळ. शिकले. मग एका संस्थेत नोकरी मिळाली. कल्याणच्या पुढच्या खडवली स्टेशनपासून आत असलेली पाच-सहा गावं माझ्याकडे होती. सकाळी सगळी डोंबिवली मुंबईकडे धावायची आणि मी उलट दिशेच्या गाडीत खिडकीशी बसून डबा सांभाळत जायचे. त्याचाही मला फार गर्व होता.

त्या गावांत तेव्हा भात कापून झालं की घरं बंद व्हायची. माणसं बायकापोरांसकट वीटभट्टीवर जायची, ती पाऊस तोंडावर आला की परतायची. पोरांची शाळा मधेच तुटायची. संस्थेने नदीवर पंप बसवला, पाइप टाकले, आणि भातानंतर भेंडी, काकडी, वाल घ्यायला बायकांना गोळा केलं. मी बियाणं आणायचे, कीड ओळखायला शिकवायचे, माल कल्याणच्या मार्केटला कुणी कसा न्यायचा यावरून त्यांची भांडणं सोडवायचे. दोन-तीन हिवाळ्यांत फरक दिसला. गरिबी कमी होते म्हणजे काय होतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तिथे डोळ्यांनी पाहिलं. जानेवारीत घराला कुलूप नसतं, एवढंच होतं. चूल पेटलेली असते, दारात भेंडीचे क्रेट असतात आणि पोर शाळेतून जेवायला घरी येतं. शेती माणसाला वर काढते यावर माझा विश्वास होता आणि आजही आहे. म्हणून तर जे केलं ते इतकं लागतं.

त्या बायकांत एक मावशी होती. सगळे तिला मावशीच म्हणायचे, मीही. नदीकडच्या उतारावर तिची जमीन, घरी तीन गावठी गाई, एक मुलगा, एक मुलगी. नवरा बरीच वर्षं आधी गेलेला. ती शेताच्या बांधावर आली की आधी वाकून चिमूटभर माती उचलायची आणि जिभेवर ठेवायची. थोडा वेळ तोंड मिटून उभी राहायची, थुंकायची, पदराने ओठ पुसायची आणि मग कामाला लागायची.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ओरडलेच. "मावशी, जंत होतील पोटात."

ती म्हणाली, "तू भाजी न चाखता वाढतेस का गो?"

हे तिच्या माहेरचं होतं. माहेर खाडीकाठी, डोंबिवली आणि दिवा स्टेशनच्या मधे. तिथली भातशेती खारी. भरतीचं पाणी कधी बांध फोडून आत यायचं आणि जमीन खारवायची. मग पावसाने मीठ धुऊन गेलं की नाही, हे पेरणीआधी कळायला हवं. नाहीतर बियाणं फुकट. तिचा बाप माती चाखून सांगायचा. दुसऱ्यांच्या शेतांवरही त्याला बोलावणं यायचं. भावंडांत ही जीभ एकट्या हिच्याकडे आली. लग्न होऊन ती खडवलीकडे आली, तिथे खारं पाणी नाही, लोक हसले. पण हिने चाखणं सोडलं नाही. मीठ नसलं तरी तिला दुसरं काही कळायचं. शेणखत किती मुरलंय, कुठला तुकडा दमलाय. "हा कोपरा भुकेला हाय," ती म्हणायची, आणि त्या कोपऱ्यात दोन पाट्या जास्त टाकायची. मी कॉलेजात शिकलेली, मला हे पटायचं नाही. पण तिची भेंडी सगळ्यांत आधी यायची आणि सगळ्यांत शेवटी थांबायची, हे मी स्वतः वहीत लिहिलेलं होतं.

मग संस्थेत मातीतपासणीचं काम आलं. प्रत्येक शेताची माती पिशवीत भरायची, प्रयोगशाळेत द्यायची, आणि तिथून प्रत्येक शेतकऱ्याच्या नावाचं कार्ड यायचं: मातीत काय आहे, काय कमी आहे, काय घाला. काम चांगलंच होतं. माती घ्यायची पद्धत मला झोपेतही म्हणता येईल. शेतात नागमोडी चालायचं, आठ ठिकाणी वीतभर खड्डा घ्यायचा, कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घमेल्यात गोळा करायची, चांगली मिसळायची, मग चार वाटे करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत अर्धा किलो उरेपर्यंत. कापडी पिशवी. आत नावाची चिठ्ठी, बाहेर नावाची चिठ्ठी.

पाऊस यायच्या आधी सगळ्या पिशव्या जमा व्हायला हव्या होत्या. गावात भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले होते, काळे चौकोन दिसायला लागले होते, आणि माझ्याकडे अजून अकरा शेतं राहिली होती. मी मधे आठवडाभर गावी बहिणीच्या लग्नाला गेले होते. परत आले तो शुक्रवार. सोमवारी पिशव्या द्यायच्या. स्टेशनपासून आत तासभर चालायचं, मे महिन्याचं ऊन, मी लग्नात दमलेली. गेले असते तर शनिवार-रविवारात सगळं झालं असतं. गेले नाही. आळस केला. याला दुसरं नाव नाही. मी बरीच शोधून पाहिली.

रविवारी दुपारी सोसायटीत सामसूम होती. वॉचमन खुर्चीत मान टाकून झोपलेला. मी स्वयंपाकघरातलं उलथणं आणि बादली घेऊन खाली गेले आणि टाकीजवळच्या वाफ्यात बसले. सगळ्या पिशव्यांचे निकाल सारखे आले तर संस्थेच्या साहेबांना संशय येईल, म्हणून डोकंही चालवलं: दोन पिशव्यांत विटांचा चुरा मिसळला, तीनमध्ये गच्चीवरच्या कुंड्यांतली, काहींत कडेची रेताड. आणि मावशीच्या पिशवीत मी जास्वंदीच्या बुडातली माती भरली. तिथे माळी पालापाचोळा कुजवायचा, वरच्या मजल्यावरच्या आजी चहाचा चोथा आणून टाकायच्या. काळीभोर, भुसभुशीत, हाताला थंड लागणारी माती. सगळ्यांत चांगली माती मी तिला दिली. कारण मला ती आवडायची.

कार्डं आली तेव्हा पेरण्या उरकल्या होत्या. देवळाच्या ओट्यावर बैठक भरली. साहेब आलेले. मी एकेकीचं नाव घेऊन कार्ड वाचत होते. अकरांतल्या दहाजणींनी आपापलं कार्ड घेतलं, घडी घातली आणि घरी नेऊन पत्र्याच्या पेटीत टाकलं. शहाण्या बायका. त्यांनी पुढे केली ती शेती आधीसारखीच केली. मावशीचं कार्ड वाचायला घेतलं आणि साहेबच म्हणाले, वा, हिची जमीन तर सोनं आहे. सेंद्रिय कर्ब भरपूर, स्फुरद भरपूर.

"म्हंजे काय गो?" मावशीने विचारलं.

"म्हणजे तुमच्या मातीचं पोट भरलेलं आहे," मी म्हणाले.

"शेण नको?"

साहेब माझ्याकडे बघत होते. अशा कार्डावर जे सांगायचं असतं तेच मी सांगितलं. "नको. उगाच मेहनत वाया. थोडं युरियाचं वरखत टाकलं की झालं."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मावशीने कार्ड दोन्ही हातांनी घेतलं. मग जाता जाता, हळू आवाजात, मलाच ऐकू जाईल असं म्हणाली, "माती कवा नेलीस बाय?"

"तुम्ही माहेरी गेला होतात ना, भावाच्या वास्तुशांतीला. तेव्हा."

"खड्डे नाय दिसले मना."

"बुजवले मी."

तिने मान हलवली. माझ्याबद्दल शंका घ्यावी असं तिच्या मनात आलंच नसावं, किंवा आलं असलं तरी ते तिने मनातच ठेवलं.

त्यानंतर काही दिवसांनी मी तिच्या बांधावर गेले होते. ती नेहमीसारखी वाकली, माती उचलली, चाखली. यावेळी जरा जास्तच वेळ उभी राहिली. म्हणाली, "कार्ड बोलते पोट भरलेला. माजे जिभेला भुकेली लागते."

तो क्षण मला अजून तसाच्या तसा दिसतो. आजूबाजूला कुणी नव्हतं. साहेब नव्हते, बायका नव्हत्या. खाली नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं, त्याचा आवाज येत होता. मी एक वाक्य बोलले असते की सगळं तिथेच मिटलं असतं. तिने मला शिव्या घातल्या असत्या, फार तर माझी नोकरी गेली असती.

मी म्हणाले, "मावशी, वय झालं की जिभेची चव जाते."

ती हसली. "जात असंल," म्हणाली. नंतर मी त्या गावात दोन वर्षं जात होते. तिला पुन्हा माती चाखताना मी पाहिलं नाही.

पुढचं सगळं इतकं सरळ घडलं की त्यात माझं पाप शोधायलाही वेळ लागावा. शेताला शेण नको म्हटल्यावर तीन गाई कशाला पोसायच्या, असं तिने ठरवलं. दूध तसंही पोरांपुरतंच होतं. गाई विकल्या आणि त्यातून मुलीला नर्सिंगच्या कोर्सला घातलं. त्या गावातून नर्सिंगला जाणारी ती पहिली मुलगी. संस्थेच्या अहवालात तिचा फोटो छापला, खाली मी लिहिलेल्या चार ओळी. भेंडीही त्या वर्षी उत्तम आली, पुढच्या वर्षीही आली. इतक्या वर्षांचं शेणखत मुरलेलं होतं, ते दोन-तीन वर्षं पुरणारच होतं. मला वाटलं, बरं झालं, काही बिघडलं नाही. मग तिथलं काम संपलं. मी कल्याणला एका प्रशिक्षण केंद्रात लागले. पंख्याखाली बसून शेतकऱ्यांना शिकवायचं, एवढंच.

तिथेच ते सुरू झालं. मी फळ्यावर शेताचा चौकोन काढायचे, नागमोडी रेघ मारायचे आणि म्हणायचे, आठ ठिकाणी, लक्षात ठेवा, आठ. समोरची माणसं वहीत लिहून घ्यायची. आणि माझ्या नाकात जास्वंदीखालच्या ओल्या मातीचा वास यायचा. वर्गात, दुसऱ्या मजल्यावर, जिथे माती म्हणून टेबलावरच्या नमुन्याच्या चार बाटल्या होत्या. मी खिडक्या लावून घ्यायला सांगायचे. एकदा शिकवताना शेवटच्या रांगेतली एक म्हातारी उठली, टेबलाशी आली, बाटलीतली माती तळहातावर घेतली आणि चिमूट तोंडाजवळ नेली. ती फक्त वास घेत होती. कुठल्या तरी लांबच्या गावची, मावशीहून उंच, गोरी. तिचा मावशीशी काही संबंध नव्हता. मी वर्ग लवकर सोडला.

घरीही तेच. आमटी उकळताना चमचा तोंडाशी नेला की हात थांबतो. किती वर्षं झाली, मी स्वयंपाक चाखत नाही. मुलं म्हणतात, आई, मीठ कमी आहे, आई, मीठ जास्त आहे. मी म्हणते, वय झालं की जिभेची चव जाते. हे वाक्य तोंडातून गेल्यावर मी गॅस बंद करून टाकते.

मागच्या दिवाळीनंतर गुडघ्यासाठी ठाण्याला, नौपाड्यातल्या एका दवाखान्यात गेले होते. आत इंजेक्शन द्यायला एक नर्स आली. स्पिरिटचा कापूस दंडावर फिरवता फिरवता म्हणाली, "मॅडम, तुम्ही मला ओळखलं नाही ना?"

नाक मावशीचंच होतं. मी म्हटलं, "कशी आहेस?"

"मस्त. तुमच्यामुळेच आहे इथे. आईने गाई विकल्या ना, तेव्हा अख्खं गाव तिला ओरडलेलं. आई बोललेली, मॅडमने सांगितलंय, शेताला शेण नको. तुमचं कार्ड अजून देवाजवळ आहे आमच्याकडे. लॅमिनेशन करून घेतलंय."

सुई आत गेली तेव्हा मला कळलंही नाही. तिने कापूस दाबून धरायला सांगितला आणि बाजूच्या स्टुलावर बसली. सांगू की नको असं तिचं चाललं होतं. मग म्हणाली, "पण मॅडम, शेत आता काहीच देत नाही. भेंडी वितीएवढी होते आणि पिवळी पडते. वरखत डबल टाकलं तरी तेच. आई म्हणते कार्ड चांगलं आहे, म्हणजे माझ्याच हाताचं काहीतरी चुकतंय. दादा बोलतो, जमीन मेली, विकून टाकू. तिकडे सगळे फार्महाउसवाले फिरतायत. एकटी आईच नको म्हणतेय. दादा रविवारी येणारे, शेवटचं विचारायला. तुम्ही एकदा येऊन माती बघाल? तुम्ही सांगाल ते ती ऐकते."

मी हो म्हणाले. घरी येताना रिक्षात मला रडू येत होतं आणि त्याचा मला रागही येत होता. रडायचा हक्क माझा नव्हता.

रविवारी सकाळी मी खडवलीला उतरले. मुलगा संध्याकाळी येणार होता. स्टेशनबाहेर आता जीप मिळते, चालावं लागत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जिथे भाताची खाचरं होती तिथे तारेची कुंपणं, लोखंडी गेटं, आत हिरवळ आणि झोपाळे. मधेच एखाद्या शेतात वालाचे वेल, तेवढंच जुनं. पण गावात घरं उघडी होती. कुलपं नव्हती. ते पाहून बरं वाटलं, आणि लगेच वाटलं की बरं वाटून घ्यायला मी आलेली नाही.

मावशी वाळून गेली होती. चालणं मात्र तेच, भरभर. तिने मला आधी घरात नेलं. देवांच्या फळीवर खंडोबाच्या टाकाशेजारी कार्ड उभं करून ठेवलेलं. प्लास्टिकवर हळदकुंकू. वरच्या कोपऱ्यात तिचं नाव, चिठ्ठीवरून उतरवलेलं. चिठ्ठी मी लिहिलेली. चहा पुढे आला. मी दोन घोट घेऊन कप खाली ठेवला आणि म्हटलं, "चला, शेतावर जाऊ. घमेलं घ्या."

ती घमेलं आणि कुदळ घेऊन पुढे झाली. मी उतारावर नागमोडी चालले. पहिला खड्डा घेतला. माती फिकी, राखाडी, वरून कडक. कुदळ टणकन वाजली. दुसरा, तिसरा. एक गांडूळ दिसेना. गुडघा ठणकत होता, तरी मी प्रत्येक खड्ड्याला खाली बसले, कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडली. ती शेजारी घमेलं धरून उभी होती. चौथा, पाचवा, सहावा. सातव्या खड्ड्याशी ती म्हणाली, "इतके खड्डे घेतेस? तवा पन इतके घेतलेले?"

मी बसल्या जागी कुदळ खाली ठेवली. "मावशी, तेव्हा मी एकही घेतला नाही. ते कार्ड तुमच्या शेताचं नाही."

"मंग कोनाचा?"

"कुणाच्याच शेताचं नाही. मला यायचा कंटाळा आला होता. माझ्या बिल्डिंगच्या आवारातली माती मी पिशवीत भरली. डोंबिवलीची."

"डोंबिवलीची," ती म्हणाली. "माजे माहेरची."

मग मी बोलत सुटले. ही जमीन मेलेली नाही, हिला नुसतं उपाशी ठेवलंय. दोन-तीन वर्षं शेणखत घातलं, पावसाच्या तोंडावर ताग पेरून फुलायच्या आत गाडला तर ती पुन्हा उठेल. खताची व्यवस्था मी करते. मुलाला मी समजावते, त्याच्यासमोर सगळं कबूल करते. सल्ला द्यायला मला नेहमीच सोपं जातं. तिने मला बोलू दिलं. मी तिच्या ओरडण्याची वाट बघत होते. तिने माझ्या तोंडात मारली असती तर मी तिची ऋणी झाले असते. ती ओरडली नाही. घमेलं खाली ठेवून ती माझ्यासमोर बसली.

"मंग माजी जीभ खोटा बोलत नव्हती," ती म्हणाली. विचारत नव्हती, नुसतं म्हणाली.

"नाही मावशी. तुमची जीभ बरोबर होती. खोटं मी बोलत होते."

तिने सातव्या खड्ड्यात हात घातला. चिमूटभर माती उचलली आणि इतक्या वर्षांनी जिभेवर ठेवली. तोंड मिटलं. डोळेही मिटले. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मला इतकं हवं होतं की तिने तोंड उघडावं आणि म्हणावं, भुकेली हाय. तिने पुन्हा एक चिमूट घेतली. मग थुंकली आणि पदराने ओठ पुसले.

"नाय कलत," ती म्हणाली. "आता नाय कलत काय."

तिने तळहातावर थोडी माती घेतली आणि हात माझ्यापुढे केला. "तू बघ. तू शिकलेली."

मी माती जिभेवर ठेवली. दातांत कचकच झाली, जीभ कोरडी पडली. बाकी काही नाही. माती होती, एवढंच. देवळाच्या ओट्यावर माझ्या तोंडाकडे बघत होती, तशीच ती आताही बघत होती.

"नाही कळत, मावशी," मी म्हणाले.

तिने मान हलवली. आठवा खड्डा राहिला होता. ती उठून त्या जागेपर्यंत गेली आणि तिथे पाठमोरी उभी राहिली.

"सांजचा पोरगा येल," ती म्हणाली. "इचारंल, आई, जमीन जिती हाय का. मी आता कोनाचे जिभेन सांगू?"